छोट्या रोबोसाठी उष्णता ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर: काय लहान करावं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा: तळहातावर मावेल अशा रोबोवर बसणारा उष्णता-सेन्सर तयार करायचा आहे. ३ मीटरवर माणूस उभा आहे की नाही हे त्याला अंधारातही कळलं पाहिजे. जमलं तर विकतचं मॉड्यूल न लावता चिपपासून सगळं स्वतः करायचं आहे. कोणत्या प्रकारचा सेन्सर घ्यावा, त्याची रचना कशी करावी आणि तो किती लहान करता येईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. उष्णता झेलणारा भाग खुशाल लहान करा, एक मिलिमीटरहून छोटा चौकोनही पुरतो. त्याच्याभोवतीचा धातू मात्र लहान करू नका. थर्मल प्रकारचा कुठलाही सेन्सर समोरच्या वस्तूच्या आणि स्वतःच्या तापमानातला फरक मोजत असतो. या फरकाची एक बाजू समोरच्या माणसाकडे असते आणि दुसरी तुमच्या रोबोच्या पोटात, मोटर, ड्रायव्हर आणि बॅटरीच्या शेजारी. पहिल्या बाजूवर लोक महिनोन् महिने घासतात, दुसरीकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि मग रोबो थोडा वेळ चालून तापला की त्याला रिकाम्या खोलीत माणसं दिसायला लागतात.

आधी एक घोळ दूर करू. रोबोच्या सुट्या भागांत ‘आयआर सेन्सर’ या नावाने जो मिळतो, रेघ किंवा अडथळा ओळखणारा, तो ८५० ते ९५० नॅनोमीटरचा प्रकाश स्वतः सोडतो आणि परत आलेला पाहतो. उष्णतेशी त्याचा संबंध नाही. शरीराच्या तापमानाची वस्तू स्वतःहून जे किरण सोडते त्यांची तरंगलांबी याच्या दहापट असते. वीनचा नियम (वस्तू कोणत्या तरंगलांबीवर सर्वांत जास्त किरण सोडते ते सांगणारा) लावा: २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागलं की मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) उत्तर मिळतं. त्वचेसाठी, म्हणजे ३०६ केल्विनच्या आसपास, ते साडेनऊ मायक्रॉन येतं. सिलिकॉनचा फोटोडायोड (प्रकाश ओळखणारा साधा घटक) १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळा असतो, त्यामुळे तो इथे बाद. ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते आणि ३०० केल्विनच्या वस्तूच्या एकूण उत्सर्जनापैकी एक तृतीयांशाहून थोडं जास्त याच पट्ट्यात येतं. आपलं सगळं काम इथे.

(मेणबत्ती शोधणारा रोबो करायचा असेल तर गणित वेगळं. ज्योतीतला वायू या लांब पट्ट्यात फारसा उजळ नसतो. तापलेला कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपास जोरात चमकतो, म्हणून आगीचे चांगले डिटेक्टर तिथला फिल्टर लावतात. साधा फोटोट्रान्झिस्टरही ज्योत ओळखतो, पण उन्हालाही ज्योतच समजतो.)

आता ऊर्जा किती मिळते ते पाहू. ३०० केल्विनची काळी (सगळे किरण शोषणारी, आदर्श) वस्तू दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट सोडते. ऐकायला भरपूर वाटतं. पण सेन्सरही ३०० केल्विनलाच बसलेला असतो आणि जवळजवळ तेवढंच परत सोडतो. दोघांत एका अंशाचा फरक असेल तर हिशोबात चौरस मीटरला जेमतेम ६ वॅट उरतात. सेन्सर अर्ध्या चौरस मिलिमीटरचा आणि त्याला आकाशाचा छोटासा तुकडाच दिसणार, म्हणजे हाती येते ती मायक्रोवॅटचाही अंश.

ही ऊर्जा पकडण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला पायरोइलेक्ट्रिक, माणूस आला की आपोआप लागणाऱ्या दिव्यांत असतो तो. लिथियम टँटलेटसारखा स्फटिक किंवा खास सिरॅमिक तापलं की पृष्ठभागावर विद्युतभार येतो. स्वस्त, संवेदनशील, अगदी थोड्या विजेवर चालणारा. पण तो फक्त बदलाला प्रतिसाद देतो. रोबो स्थिर आणि माणूसही स्थिर, तर आउटपुट शून्य. रोबो चालायला लागला की भिंती, खिडक्या, सगळंच ‘बदलतं’. शिवाय जो पदार्थ पायरोइलेक्ट्रिक असतो तो पिझोइलेक्ट्रिकही (दाब पडला की विद्युतभार देणारा) असतोच, म्हणजे गिअरबॉक्सची थरथरही त्याला ऐकू येते. एकाच जागी झोपलेल्या रोबोला जागं करायला हा उत्तम. चालत्या रोबोचा डोळा म्हणून मी तो वापरत नाही.

दुसरा मायक्रोबोलोमीटर, थर्मल कॅमेऱ्यात असतो तो. व्हॅनेडियम ऑक्साइड किंवा अमॉर्फस सिलिकॉनचे १२ ते १७ मायक्रॉनचे पिक्सेल निर्वात पोकळीत अधांतरी टांगलेले असतात, आणि एका अंशाला त्यांचा रोध साधारण दोन टक्क्यांनी बदलतो. चित्र हवं असेल तर हाच. पण तो विकत घ्यावा. निर्वात पॅकेज, प्रत्येक पिक्सेलची दुरुस्ती, मधूनमधून पडणारं शटर, हे सगळं स्वतः उभं करण्याच्या भानगडीत पडू नका.

तिसरा थर्मोपाइल, आणि तुमच्या कामाला माझं मत यालाच. दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक असला की व्होल्टेज तयार होतं, हे झेबेकने १८२१ मध्ये दाखवलं. पुढच्या दशकात नोबिली आणि मेल्लोनी या इटालियन शास्त्रज्ञांनी असे सांधे मालिकेत जोडून उष्णकिरण मोजण्याचं उपकरण केलं, आणि मेल्लोनीचं उपकरण काही मीटरवरच्या माणसाची ऊब दाखवू शकत होतं. म्हणजे तुम्हाला जे करायचं आहे ते तत्त्वतः दोनशे वर्षं जुनं आहे, फक्त आकार बदलला. थर्मोपाइल स्थिर वस्तूही दाखवतो, त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, निर्वात पोकळी सक्तीची नाही, आणि आउटपुट बऱ्यापैकी सरळ रेषेत असतं.

रचना अशी. सिलिकॉनच्या चिपमध्ये एक खिडकी कोरायची आणि तिच्यावर सिलिकॉन ऑक्साइड व नायट्राइडचा सुमारे एक मायक्रॉन जाडीचा पापुद्रा ताणलेला ठेवायचा. पापुद्र्याच्या मध्यावर शोषक थर आणि थर्मोकपलचे (अशा दोन पदार्थांच्या जोड्यांचे) गरम सांधे. थंड सांधे बाहेर, चिपच्या जाड काठावर. सिलिकॉन उष्णता उत्तम वाहून नेतं, ऑक्साइड त्याच्या शंभरावा हिस्साही नेत नाही. त्यामुळे मधला भाग तापतो आणि काठ पॅकेजच्या (चिप बसवलेल्या डब्याच्या) तापमानाला राहतो.

आकडे घालून बघू. पापुद्रा ०.७ मिलिमीटर बाजूचा, पी आणि एन पॉलिसिलिकॉनच्या (वेगवेगळी भेसळ केलेल्या दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या) ५० जोड्या, एका जोडीला अंशामागे ३०० मायक्रोव्होल्ट, आणि मध्यापासून काठापर्यंतची उष्णतेची एकूण गळती अंशामागे ०.२ मिलिवॅट. कागदावर वॅटमागे ७५ व्होल्ट मिळतात. शोषक थर ७० टक्केच शोषतो असं धरा, साधारण ५० उरतात. दृष्टिक्षेत्र १० अंशांचं ठेवलं तर ३ मीटरवर ५२ सेंटिमीटरचा ठिपका पडतो, म्हणजे माणसाचं धड तो जवळपास भरून टाकतं. कपड्यांचा पृष्ठभाग ३० °से., सेन्सर २५ °से. लेन्स नसेल, फक्त नळीने दृष्टिक्षेत्र आवळलं असेल, तर पापुद्र्यावर या फरकाचे ०.१२ मायक्रोवॅट पडतात, आणि ८ ते १४ मायक्रॉनचा फिल्टर लावल्यावर ०.०४ च्या आसपास. आउटपुट सुमारे २ मायक्रोव्होल्ट.

दोन मायक्रोव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण नॉइजशी तुलना करा. पॉलिसिलिकॉनच्या पट्ट्यांचा एकूण रोध ७५ किलोओहम धरला तर त्याचा जॉन्सन नॉइज (उष्णतेमुळे रोधात आपोआप उठणारी विजेची खरखर) प्रति वर्गमूळ हर्ट्झ ३५ नॅनोव्होल्ट येतो. १० हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये ०.११ मायक्रोव्होल्ट. सिग्नल त्याच्या वीसपट आहे. म्हणजे चिप आपलं काम करते. पुढे जे बिघडतं ते चिपच्या बाहेर बिघडतं.

जोड्या किती घालाव्यात यावर मात्र विचार करा. जोड्या वाढवल्या की व्होल्टेज वाढतं, पण प्रत्येक पट्टी ही उष्णता काठाकडे नेणारी एक वाट आहे, आणि रोधही वाढतो. गणित केलं तर साधा नियम निघतो: सगळ्या पट्ट्यांतून होणारी गळती ही पापुद्रा आणि वायू यांतून होणाऱ्या गळतीइतकी झाली की थांबा. त्यापुढे व्होल्टेज थोडं वाढेल, पण नॉइजच्या तुलनेत सिग्नल घसरतो. वायूची गळती कमी करायला पॅकेजमध्ये हवेऐवजी झेनॉन भरतात, त्याची उष्णतावाहकता हवेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी असते. गळती कमी झाली की सेन्सर मंदही होतो. वरच्या पापुद्र्याची उष्णताधारकता अंशामागे ०.८ मायक्रोज्यूलच्या आसपास, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (प्रतिसादाला लागणारा वेळ) ४ मिलिसेकंद. पट्ट्या आणि शोषक थर धरून प्रत्यक्षात १० मिलिसेकंदांकडे झुकतो. रोबोला एवढा वेग पुरेसा आहे.

आता बनवण्याकडे वळू. क्लीनरूम (चिप बनवण्याची धूळमुक्त प्रयोगशाळा) हाताशी असेल तर मार्ग ठरलेला आहे. (१००) दिशेचा, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला वेफर (सिलिकॉनची चकती) घ्या. ऑक्साइड दाबाखाली असतो आणि नायट्राइड ताणाखाली. दोघांच्या जाड्या अशा जुळवायच्या की पापुद्रा एकूण किंचित ताणलेला राहील. दाब उरला तर तो सुरकुततो, ताण जास्त झाला तर फाटतो. यावर पॉलिसिलिकॉन, दोन वेगळी डोपिंग (भेसळ), पट्ट्या कोरणं, ॲल्युमिनियमने सांधे जोडणं, वर संरक्षक थर. शेवटी मागून सिलिकॉन खाऊन खिडकी उघडायची. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने केलं तर भिंती ५४.७ अंशांत तिरक्या येतात, म्हणून मागचं तोंड पापुद्र्यापेक्षा वेफरच्या जाडीच्या १.४१ पट मोठं ठेवावं लागतं. ३८० मायक्रॉनच्या वेफरला ०.७ मिलिमीटरच्या पापुद्र्यासाठी सव्वा मिलिमीटरचं तोंड. ८० °से. ला मिनिटाला एक मायक्रॉनहून थोडं जास्त सिलिकॉन जातं, त्यामुळे पाच-सहा तास मोकळे ठेवा. याच द्रावणात ॲल्युमिनियम क्षणात विरघळतं, तेव्हा पुढची बाजू घट्ट बंद करणारा होल्डर लागतो. प्लाझ्माने खोल एचिंग करण्याची सोय असेल तर भिंती सरळ येतात, चिप लहान होते आणि ही कटकट संपते.

शोषक थरासाठी पुस्तकांत गोल्ड ब्लॅक सांगितलेलं असतं. कमी दाबाच्या वायूत सोनं उडवून केलेला हा काळा, भुसभुशीत थर शोषतो उत्तम, पण त्याला बोटही लागता कामा नये, आणि वेफर कापताना पाण्याच्या फवाऱ्यात तो टिकत नाही. पहिल्या बॅचसाठी तो वगळा. पापुद्र्यातला ऑक्साइड ९ मायक्रॉनच्या आसपास आणि नायट्राइड १२ च्या आसपास स्वतःच शोषतात, दोन्ही आपल्या पट्ट्यात. पापुद्र्याचा पदार्थ आपण निवडला तो उष्णतेसाठी, आणि शोषण जवळजवळ फुकटात मिळालं. वर नायट्राइडचा आणखी एक थर दिला की बहुतेक कामं भागतात.

क्लीनरूम नाही, पण प्रयोगशाळेत व्हॅक्यूम इव्हॅपोरेटर (निर्वातात धातू उडवून त्याचा थर चढवणारं यंत्र) आहे, अशी स्थिती असेल तर जुना मार्ग खुला आहे. काही मायक्रॉन जाडीची पॉलिइमाइड फिल्म धातूच्या जाड चौकटीवर ताणून बसवा आणि मास्कमधून आधी बिस्मथ, मग अँटिमनी चढवा. जोडीमागे अंशाला १०० मायक्रोव्होल्टच्या आसपास मिळतात. सेन्सर काही मिलिमीटरचा होतो, प्रतिसाद सावकाश असतो, पण चालतो, आणि शिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही. बिस्मथ २७१ °से. ला वितळतं, म्हणून तारा सोल्डर करू नका, चांदीचा वाहक इपॉक्सी वापरा. अँटिमनी विषारी आहे. चेंबर उघडून पुसताना हातमोजे आणि मास्क लागतोच.

दोन्ही नसेल तर टीओ-४६ पॅकेजमधला (धातूच्या छोट्या गोल डब्यातला) अॅनालॉग आउटपुटचा तयार थर्मोपाइल घ्या आणि बाकी सगळं स्वतः करा. खरं सांगायचं तर पहिल्या रोबोसाठी मी हेच सुचवेन, कारण उरलेली अर्धी कथा चिपच्या बाहेरच आहे. आणि नुसता निकाल हवा असेल तर ८×८ पिक्सेलचा तयार ग्रिड सेन्सर ६० अंशांत पाहतो, म्हणजे पिक्सेलमागे साडेसात अंश. ३ मीटरवर माणूस ओळखायला तेवढं पुरतं. ३२×२४ पिक्सेलचा एमएलएक्स ९०६४० हा सेन्सर आणखी बारीक पाहतो. स्वतः केलेल्या सेन्सरशेजारी यातला एखादा तुलनेसाठी चालू ठेवला तर फार उपयोग होतो.

लेन्सचा मुद्दा लोक शेवटी आणतात, तो आधी यायला हवा. वरच्या हिशोबात नळीने दृष्टिक्षेत्र १० अंशांवर आणलं होतं. नळीऐवजी ४ मिलिमीटर व्यासाची आणि ४ मिलिमीटर फोकल लांबीची लेन्स लावा. ०.७ मिलिमीटरच्या पापुद्र्यासाठी दृष्टिक्षेत्र तेवढंच राहतं, पण ऊर्जा पापुद्र्याऐवजी लेन्सच्या क्षेत्रफळाने गोळा होते. पंचवीसपट सिग्नल! लेन्समधला तोटा धरूनही २ मायक्रोव्होल्टचे ३० ते ४० होतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये रात्री घालवून एवढी सुधारणा कधीच मिळत नाही. जर्मेनियमचा अपवर्तनांक ४ असल्याने बिनालेपाच्या प्रत्येक पृष्ठभागावर ३६ टक्के किरण परत जातात, म्हणून परावर्तनरोधी लेप हवाच. सिलिकॉनची लेन्स हलकी असते आणि जर्मेनियमच्या मानाने बरीच स्वस्त पडते. ९ मायक्रॉनजवळ थोडी शोषते, पण पातळ असेल तर चालते. पॉलिइथिलीनची फ्रेनेल लेन्स सर्वांत स्वस्त. काच आणि ॲक्रिलिक या पट्ट्यात भिंतीसारखे अपारदर्शक असतात. रोबोच्या सुंदर पारदर्शक कवचामागे थर्मल सेन्सर बसवलेला पाहिला की समजावं, तो कवचाचं तापमान मोजतो आहे. धुळीपासून आडोसा हवा असेल तर पॉलिइथिलीनची पातळ फिल्म ताणून लावा.

नळी वापरायचीच असेल तर ती आतून काळी आणि सेन्सरच्याच धातूच्या ठोकळ्यात कोरलेली असू द्या. ती सेन्सरच्या तापमानाची असेल तर तिच्याकडून येणारी आणि तिच्याकडे जाणारी ऊर्जा सारखी, म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा. वेगळ्या प्लास्टिकची लावली तर ती स्वतःच एक लक्ष्य बनते.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये शून्य-ड्रिफ्ट ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी, तापमानाबरोबर न सरकणारी चिप) घ्या, ५०० ते १००० चा गेन (सिग्नल तेवढ्या पट मोठा), आणि थर्मोपाइलचं एक टोक ग्राउंडऐवजी (शून्य व्होल्टेजऐवजी) मधल्या व्होल्टेजवर बांधा, कारण समोरची वस्तू सेन्सरपेक्षा थंड असेल तर सिग्नल उलट्या दिशेने जातो. डेटाशीटमध्ये ऑफसेटबरोबर इनपुट बायस करंटही (ऑप-अँपच्या इनपुटमधून वाहणारा किंचित प्रवाह) वाचा. १०० पिकोअँपिअर ऐकायला नगण्य, पण ७५ किलोओहममधून तो गेला की साडेसात मायक्रोव्होल्ट उभे राहतात, आणि तापमानाबरोबर ते हलतात. ऑप-अँप सेन्सरपासून जवळ, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) त्याच्या जवळ, आणि मोटरच्या पीडब्ल्यूएमच्या (भराभर चालू-बंद होणाऱ्या विजेच्या) तारा यांच्यापासून लांब.

यापेक्षा छुपा शत्रू म्हणजे सेन्सरच्या पायांचा धातू. टीओ पॅकेजचे पाय बहुधा कोव्हारचे (लोह, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे) असतात. कोव्हार आणि तांबं मिळून स्वतःच एक थर्मोकपल होतं, अंशामागे ४० मायक्रोव्होल्टच्या घरातलं. दोन पायांत दशांश अंशाचा फरक पडला तरी ४ मायक्रोव्होल्ट चूक, लेन्सशिवायच्या आपल्या सिग्नलच्या दुप्पट. उपाय मांडणीचा आहे: दोन्ही सिग्नलचे पाय उष्णतेच्या स्रोतापासून सारख्या अंतरावर, त्यांचे पॅड सारख्या आकाराचे, खाली तांब्याचा सलग थर, आणि बोर्डावर व्होल्टेज रेग्युलेटर एका बाजूला चिकटलेला नको. पीसीबीमध्ये सेन्सरभोवती खाच कापली तर बाकी बोर्डाची उष्णता वळसा घालून येते.

आणि आता तो धातूचा ठोकळा. सेन्सरचा डबा ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या ठोकळ्यात घट्ट बसवा, मध्ये थर्मल पेस्ट लावा. १० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या घनाला एक अंश तापायला २.४ ज्यूल लागतात. रोबोच्या चौकटीतून त्याला १०० मिलिवॅट मिळत राहिले तर तो मिनिटाला अडीच अंश तापेल, जे वाईट आहे. नायलॉनच्या पातळ खांबांवर बसवून हेच १ मिलिवॅटवर आणा, मग तोच वेग मिनिटाला ०.०२५ अंशावर येतो. ठोकळा हळूहळू तापला तर काही बिघडत नाही, त्याचं तापमान थर्मिस्टर (सेन्सरच्या डब्यातला तापमान मोजणारा रोध) सांगतोच. बिघडतं ते डब्याचं टोपण आणि तळ यांच्यात फरक पडला तर. पापुद्र्याला टोपणाची आतली बाजूही दिसत असते, आणि थर्मिस्टर असतो तळाशी. टोपण अर्ध्या अंशाने जास्त तापलं की सेन्सरला समोर काहीतरी गरम आलं असं वाटतं. म्हणून टोपणालाही ठोकळ्याच्या आत घ्या, पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नका, आणि ठोकळ्याची बाहेरची बाजू चकचकीत ठेवा म्हणजे ती आजूबाजूचं कमी शोषेल. परीक्षा सोपी आहे: सेन्सर स्थिर तापमानाच्या भिंतीकडे रोखा, ठोकळ्याच्या बाजूला बोट टेकवून धरा आणि आलेख पाहा. माणूस ३ मीटरवर आल्यावर जेवढी उडी येते तेवढी बोटाने आली, तर लेन्स आणि ऑप-अँप सोडून याच कामाला लागा.

कॅलिब्रेशनसाठी महागडी ब्लॅकबॉडी (ठरावीक तापमानाचं आदर्श काळं लक्ष्य) लागत नाही. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात खोल शंकू कोरा, आतून मॅट रंग द्या, आत पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमापक) बसवा आणि हळूहळू तापवा. मॅट रंगाची उत्सर्जकता (आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत किरण सोडण्याची क्षमता) ०.९ च्या वर असते, रंग कोणताही असो, आणि शंकूमुळे ती आणखी १ च्या जवळ जाते. पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम मात्र ०.०५ च्या आसपास असतं. ते स्वतःचं तापमान सांगत नाही, आरशासारखं समोरच्याचं दाखवतं, बहुतेक वेळा रोबोचंच. फक्त लक्ष्याचं तापमान बदलून थांबू नका. सेन्सर १०, २५ आणि ४० °से. ला ठेवून प्रत्येक वेळी लक्ष्य फिरवा, कारण संवेदनशीलताही सेन्सरच्या तापमानाबरोबर सरकते.

तुमच्या प्रश्नाला नेमकं लागू पडणारी एक युक्ती सांगतो. माणूस आहे की नाही एवढंच हवं असेल तर तापमान किती हे कळायची गरजच नाही. एकाच चिपवर दोन पापुद्रे करा आणि ते उलट-सुलट जोडा, एक डावीकडचे १० अंश पाहील, दुसरा उजवीकडचे. पॅकेज तापलं, ठोकळा सरकला, तरी दोन्हींवर सारखाच परिणाम होऊन वजाबाकीत निघून जातो. उरतो तो डाव्या-उजव्यातला फरक. रोबो जागच्या जागी सावकाश वळला की माणूस आधी एका चिन्हाची आणि मग दुसऱ्या चिन्हाची लाट देतो, आणि दोन्हींच्या मध्ये जिथे शून्य येतं ती त्याची दिशा. वळण्याचा वेग असा ठेवा की १० अंश पार करायला टाइम कॉन्स्टंटच्या किमान पाचपट वेळ मिळेल. १० मिलिसेकंदांच्या सेन्सरला सेकंदाला २०० अंशसुद्धा चालतात, म्हणजे अडचण सेन्सरची नसून सर्व्होची थरथर आणि फिल्टरची असते. पापुद्रे जुळे असले तरी तंतोतंत सारखे नसतात. एकसारख्या भिंतीकडे रोखून उरलेला फरक नोंदवा आणि कोडमध्ये वजा करा.

शेवटची अडचण कुठल्याही रचनेने सुटत नाही. खोलीतल्या भिंती ३१-३२ °से. च्या झाल्या की कपड्यांचा पृष्ठभाग आणि भिंत यांच्यातला फरक नाहीसा होतो. त्याच्याही वर गेलं की चिन्ह उलटतं आणि घामेजलेला माणूस भिंतीपेक्षा थंड दिसतो. म्हणून कोडमध्ये ‘उंबरठ्याच्या वर म्हणजे माणूस’ असं लिहू नका, दोन्ही दिशांचा फरक धरा. आणि मधल्या पट्ट्यासाठी, म्हणजे थर्मिस्टर ३० ते ३४ च्या मध्ये असेल आणि फरक नॉइजच्या जवळ असेल तेव्हा, ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर ‘सांगता येत नाही’ असा तिसरा निकाल पहिल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे रोबो तेव्हा अल्ट्रासॉनिककडे किंवा कॅमेऱ्याकडे वळू शकेल.